गीझर किती लिटरचा घ्यावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील विजेच्या गीझरविषयीच्या लेखात 'माणशी इतके लिटर' असा सोपा हिशेब दिला आहे. वाचायला तो सोयीचा वाटला, तरी याच हिशेबाने घेतलेला आमचा १५ लिटरचा गीझर पहिल्याच थंडीत तोकडा पडला, म्हणून हे पत्र.

घरात माणसे किती, यापेक्षा ती किती वेळात एकामागोमाग एक आंघोळ करतात आणि बादलीने करतात की शॉवरने, यावर गीझरचे माप ठरते. मी शॉवरखाली १० लिटरची बादली ठेवून घड्याळ लावले, तेव्हा ती ७० सेकंदांत भरली. म्हणजे पाच मिनिटांच्या आंघोळीला सुमारे ४३ लिटर पाणी लागते. टाकीतले पाणी ६० अंश आणि नळाचे २० अंश असेल, तर अंगावर घेण्याजोगे ४० अंशांचे पाणी मिळण्यासाठी दोन्ही निम्मे-निम्मे मिसळावे लागते. म्हणजे एका माणसालाच टाकीतले २१-२२ लिटर लागणार. शिवाय गरम पाणी बाहेर पडत असताना तितकेच गार पाणी आत येते, त्यामुळे टाकीवर लिहिलेले सगळे लिटर कढत हाती येत नाहीत. त्याच १५ लिटरमधून १८ लिटरची एक बादली मात्र आरामात निघते, दुसरी जेमतेम. थंडीत नळाचे पाणी आणखी गार होते आणि हे गणित अधिकच आखडते.

दुसरी बाब पाणी पुन्हा तापायला लागणाऱ्या वेळेची, जिच्याकडे खरेदी करताना सहसा कुणाचे लक्ष जात नाही. २ किलोवॅटचा गीझर १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २१ मिनिटे घेतो आणि २५ लिटरला ३५ मिनिटे. आंघोळींमध्ये अर्ध्या तासाचे अंतर राहत असेल, तर लहान टाकीवरही भागते. सगळ्यांना एकाच तासात बाहेर पडायचे असेल, तर भागत नाही.

यावर 'मग सरळ मोठाच घ्या, उरले तर बिघडते कुठे?' असे सांगितले जाते (आम्हालाही दुकानात तेच ऐकवले गेले). बिघडते ते असे, की एका बादलीसाठीही अख्खी टाकी तापवावी लागते आणि उरलेल्या पाण्याची उष्णता टाकीच्या भिंतींतून हळूहळू निघून जाते. ५० लिटरची भरलेली टाकी पाण्यानेच ५० किलो भरते. तेव्हा भिंत तेवढी भक्कम आहे का, हेही पाहायला हवे.

इन्स्टंट गीझरचे तर लिटर पाहूच नयेत, किलोवॅट पाहावेत. ३ किलोवॅटचा गीझर पाणी २० अंशांनी तापवत मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. हात धुण्यापुरते किंवा धीराने बादली भरण्यापुरते ते ठीक आहे, पण आमच्या शॉवरला तशीच धार हवी असेल तर १२ किलोवॅट लागतील, आणि घरातल्या साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर एवढा भार चालत नाही.

आपल्या पुढील लेखात माणशी लिटरांच्या तक्त्याऐवजी बादली आणि घड्याळ घेऊन करायची ही मोजणी द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक