कावळा शिवला नाही म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘लॉस्ट’ या, विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या अमेरिकन मालिकेबद्दल जाता जाता एक वाक्य आलंय : विमान पडतं तेव्हाच सगळे मेलेले असतात, पुढची सहा पर्वं म्हणजे आत्म्यांची भटकंती. मालिका 2010 साली संपली, तेव्हापासून हे फिरतंय. रंकाळ्यावरच्या आमच्या सकाळच्या मंडळीत एकजण तर छातीठोक सांगतो, “दहाव्याला कावळा शिवला नसणार, म्हणून अडकलीत बेटावर.” त्याने एकही भाग बघितलेला नाही. तुमच्या लेखकाने बघितला असेल असं धरून लिहितोय.

मी पाणी उपसा केंद्रावर 31 वर्षं पंपचालक होतो. इंग्रजी बेताचंच. लॉकडाऊनमध्ये नातवाने लॅपटॉपवर ही मालिका लावून दिली आणि खालची अक्षरं माझी वाचून होईपर्यंत तो चित्र थांबवून धरायचा. असे 121 भाग बघितले. सूनबाई वैतागली, ते वेगळं.

शेवटच्या भागात जॅकला, म्हणजे त्या प्रवाशांच्या म्होरक्याला, त्याचे वडील स्वच्छ सांगतात, की जे घडलं ते खरंच घडलं. मरतात सगळेच, कुणी तुझ्या आधी, कुणी तुझ्यानंतर खूप काळाने. मेल्यानंतरची जागा मालिकेत आहे, पण ती सहाव्या पर्वातली, जिथे विमान पडतच नाही ती. बेटावरचं सगळं खरं. जॅक बांबूच्या बनात डोळे मिटतो तेव्हा वरून एक विमान निघून जातं, त्यात केट, सॉयर, क्लेअर हे त्याचे सहप्रवासी बसलेत. पहिल्याच दिवशी मेली होती तर मग ही कोण?

घोळ झाला तो चॅनेलमुळे. शेवटी नावांच्या पाट्या सरकताना मालिका दाखवणाऱ्या एबीसीने मागे किनाऱ्यावरच्या मोडक्या विमानाची दृश्यं लावली, त्यात माणूस एक नाही. लोकांनी तोच निकाल समजला. चॅनेलने नंतर खुलासा केला, पण खुलासा वाचतं कोण!

माझा जीव तुटतो तो बटणासाठी. सगळे मेलेलेच म्हटलं, की त्या बटणाचं काय राहिलं? बेटावर आधीपासून अडकलेला डेस्मंड जमिनीखालच्या खोलीत तीन वर्षं दर 108 मिनिटांनी संगणकात 4, 8, 15, 16, 23, 42 हे आकडे घालतो आणि बटण दाबतो. (बेरीज करून बघा, 108 च येते.) नाही दाबलं तर नेमकं काय होतं, हे त्याला कुणी धड सांगितलेलं नाही. पुढे लॉक आणि एको या प्रवाशांना दुसरी एक खोली सापडते. तिथल्या फिल्ममध्ये सांगितलेलं असतं, की बटणवाल्यांवर नुसती नजर ठेवायची आणि ते काय करतात ते वहीत लिहायचं. हा मानसशास्त्राचा प्रयोग आहे. लॉक खचतो. दाबायचं नाही म्हणून बसतो. एको बिचारा दाराबाहेर ओरडत राहतो. आणि त्याच दुसऱ्या खोलीतल्या छापील कागदावर 22 सप्टेंबर 2004 ची नोंद निघते : त्या दिवशी बटणाला उशीर झाला होता. विमान पडलं तो हाच दिवस! म्हणजे बटण खोटं नव्हतं. आणि त्या वह्या? नळीतून लांब पाठवलेल्या, त्या एका माळावर ढीग होऊन पडलेल्या. उघडलेलीसुद्धा नाही एक. म्हणजे प्रयोग झाला असेल तर तो वही लिहिणाऱ्यांवरच, असा एक तर्क चाहते मांडतात. मला तो सोळा आणे पटतो.

तो ढीग दिसला तेव्हा मी नातवाला म्हटलं, थांबव जरा. आम्हीही दर तासाला व्होल्टेज, अँपिअर, प्रेशर, टाकीची लेव्हल लिहायचो. लॉगबुक उघडून बघणारा साहेब मला तरी आठवत नाही. निवृत्त झालो त्या दिवशी जुन्या वह्यांची पोती एका खोलीत वाळवी खात होती. पण रात्री तीनला मोटर ट्रिप झाली आणि माझा डोळा लागलेला असला, तर सकाळी सहाला पेठेत काय होतं, हे मला वहीत बघावं लागत नाही. 2019 च्या पुरात पंपच पाण्याखाली गेले. दारात पंचगंगा आणि नळाला थेंब नाही, हे अख्ख्या गावाने बघितलं.

नातू म्हणतो, “आबा, तुम्ही लई मनावर घेताय.” असेल. बेटावरच्या गुहेत दोन सांगाडे सापडतात, ते कुणाचे यावर आमची पैज होती. तो म्हणायचा जॅक आणि केट, मी म्हणायचो रोझ आणि बर्नार्ड हे नवरा-बायको. निघाले भलतेच, बेटावरचा जुना, काळ्या कपड्यांतला तो माणूस आणि त्याला वाढवणारी आई. पैज कुणीच जिंकली नाही, मिसळीचे पैसे मात्र मीच दिले.

एक कोडं अजून सुटलेलं नाही. हर्ली हा प्रवासी आधी ज्या मनोरुग्णालयात होता, तिथेच लिबी ही सहप्रवासीही बसलेली दाखवली. का, ते पुढे कुठेच येत नाही. माझा अंदाज, नवरा गेल्यावर तिचं मन ठिकाणावर राहिलं नसावं. त्याची होडीसुद्धा तिने अनोळखी डेस्मंडला देऊन टाकलेली. आपल्या लेखकाला यातलं काही ठाऊक असेल तर दुरुस्तीसोबत तेवढंही छापावं.

आपला,
एक सेवानिवृत्त पंपचालक
कसबा बावडा, कोल्हापूर