दख्खनी नर कळपात राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माडग्याळ जातीच्या मेंढ्याला लाखांची बोली लागल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पाळणाऱ्याच्या कष्टाचं चीज झालं याचा आनंदच आहे. पण ती वाचल्यापासून आमच्या थोरल्या भावाचा, आण्णांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरतं बिऱ्हाड, डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र.

मी फलटण तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या एका वाडीतला, धनगराच्या घरात जन्मलेला. शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. मेंढरं आण्णांकडे राहिली. बाबांच्या वेळी सगळा कळप काळ्या दख्खनी मेंढरांचा असायचा, एखाद्याच्याच कपाळावर पांढरा टिळा. दिवाळी झाली की वाडा भोरवरून वरंधा घाटानं कोकणात उतरायचा. रात्री ज्याच्या शेतात वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागे तो लेंडीच्या बदल्यात धान्य घाली. वर्षातून दोनदा कातरणी व्हायची, लोकर घोंगडी विणणाऱ्या सणगराकडे जायची. त्या लोकरीचं घोंगडं अजून माझ्या खाटेवर आहे.

आठ वर्षांपूर्वी आण्णांनी माडग्याळ नर घातला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लोकरीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नव्हती. माडग्याळचं कोकरू उंच निघतं आणि लवकर वजन धरतं. बाकदार नाक, लोंबते कान, अंगावर तांबूस ठिपके. व्यापारी ते आधी उचलतो. आज आण्णांच्या एकशेतीस मेंढरांत काळी पंधरासुद्धा नाहीत. आणि घाटाच्या वाटेवर मागं पडतात, लंगडतात ती बहुतेक नव्या रक्ताची असतात. हा आमच्या एका वाड्याचा अनुभव. पण शेजारच्या वाड्यांतही हेच ऐकतो.

ही काळी मेंढी कुठून आली, याचा मी निवृत्तीनंतर जमेल तसा शोध घेतला. मेंढी माणसाळली ती साधारण साडेदहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, आजचा पूर्व तुर्कस्तान, उत्तर सीरिया आणि पश्चिम इराण या टापूत. तिची पूर्वज म्हणजे तिथली रानमेंढी, मूफ्लॉन. लडाखातली उरियल आपल्या मेंढीची आजी असेल असं मला वाटायचं, पण उरियलची गुणसूत्रं 58 आणि आपल्या मेंढीची मूफ्लॉनसारखी 54. म्हणजे पश्चिमेकडून चालत चालत ती इथवर आली. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत शेळ्यामेंढ्यांची हाडं सापडली आहेत. तेव्हापासून दुष्काळ आणि लांबची चाल यांनीच आमची ही दख्खनी मेंढी घडवली. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार त्या त्या मुलखानं घडवले.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची मेंढी आहे. बारा-पंधरा किलोची, आमच्या बाजारात कुणी हात लावणार नाही अशी. पाण्यात उभी राहून चरते आणि एका वेताला दोन-तीन कोकरं देते. 1792 आणि 1793 साली कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढं जवळजवळ दोनशे वर्षांनी तिथल्या बूरूला नावाच्या मेरिनो या लोकरीच्या जातीच्या कळपात जास्त कोकरं देणारं एक जनुक सापडलं. 2001 मध्ये त्यातला नेमका बदल कळला आणि 2002 मध्ये तोच बदल गरोळमध्ये सापडला. बंगालच्या मेंढीनं ते जनुक नेलं होतं, हे तेव्हा पक्कं झालं. त्याच सुमारास आमच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोळचं रक्त दख्खनीत आणून सुवर्णा तयार केली. तिच्यात जुळी कोकरं बरीच होतात.

सुंदरबनच्या लोकांनी ती बुटकी मेंढी कुचकामी म्हणून काढून टाकली असती, तर फलटणला आणायला काय उरलं असतं? आमच्या काळ्या मेंढीच्या रक्तात काय आहे हे अजून पुरतं तपासलेलंही नाही, आणि आम्ही ती दर हंगामाला पातळ करतो आहोत. मेंढ्या हजारो राहिल्या तरी नर एकाच जातीचे झाले की चार-पाच पिढ्यांत जुनं रक्त नावाला उरतं. ते परत आणता येत नाही.

मेंढपाळाला नुसता उपदेश करून उपयोग नाही, त्याचं पोट आजच्या कोकरावर चालतं. म्हणून माझी मागणी शासनाकडे आहे. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा संच मिळतो. जो मेंढपाळ शुद्ध दख्खनी नर ठेवील त्याला वर्षाला वेगळा भत्ता द्या. पशुगणनेत दख्खनीची नोंद पोटप्रकारांनिशी करा. दहिवडी, महुद, रांजणी इथल्या सरकारी मेंढी पैदास प्रक्षेत्रांवर त्या त्या भागातले काळे नर वाढवून वाड्यांना बदलून द्या, म्हणजे जवळच्या नात्यात प्रजनन होणार नाही. काळ्या लोकरीला शासनानं निदान कातरणी सुटेल एवढा भाव द्यावा.

आण्णांकडे एक काळा नर अजून आहे. सात वर्षांचा, दात झिजलेले. या पावसाळ्याआधी त्याच्या जागी दुसरा आणायचा म्हणून आम्ही दोघं लोणंदच्या बाजारात दोन वेळा फिरलो. मिळाला नाही. कुणाकडे असेल तर आपल्या अंकातून जरूर कळवावं.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. फलटण, जि. सातारा