मॅरियन मोटलीचं पण लिहा कधीतरी

मा. संपादक,

खेळातल्या वर्णभेदावर काहीही छापून आलं की त्यात जॅकी रॉबिन्सन असतोच, १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा. त्याचा मान मोठाच आहे, वादच नाही. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९४६ ला, अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमधे (बॉल हातात घेऊन पळायचा त्यांचा फुटबॉल) चार कृष्णवर्णीय खेळाडू उतरले होते आणि त्यांची नावं कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड एनएफएल या मुख्य लीगमधे लॉस एंजेलिस रॅम्सकडून, बिल विलिस आणि मॅरियन मोटली क्लीव्हलंड ब्राउन्सकडून, ब्राउन्स तेव्हा एएएफसी या नव्या लीगमधे होते. १९३३ नंतर तोवर एनएफएलमधे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि गंमत नाही, असा लेखी नियम कुठेच नव्हता, नुसतं कुणी घ्यायचं नाही म्हणून घेत नव्हते.

यातल्या मोटलीबद्दल लिहितोय. जन्म १९२० चा, जॉर्जियातला, पण वाढला ओहायोतल्या कँटनमधे. युद्धात नौदलात गेला आणि ग्रेट लेक्स तळावर पॉल ब्राउन या कोचच्या हाताखाली खेळला, मग ब्राउनने क्लीव्हलंडची टीम उभी केली तेव्हा आधी विलिस आणि त्याच्या मागोमाग मोटली आला. कोचने दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं की शिव्या पडतील, मार पडेल, पण हात उचलायचा नाही. आणि पडलंच सगळं, खाली पडला की बुटाने हात तुडवायचे. त्याच वर्षी मायामीत मॅच होती, फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळलेलं चालायचं नाही, वर धमक्या, त्यामुळे टीम गेली आणि हे दोघं मागे राहिले.

तरी खेळला कसा! अंगाने दांडगा, जवळपास १०५ किलोचा फुलबॅक, शिवाय लाइनबॅकर पण, म्हणजे बॉल घेऊन पळायचं आणि समोरच्याला आडवं पण करायचं. ब्राउन्सनी १९४६ ते १९४९ चारही वर्षं एएएफसी जिंकली, १९५० ला एनएफएलमधे आले आणि पहिल्याच वर्षी ती पण जिंकली. त्या सीझनला ८१० यार्ड पळून मोटली लीगमधे पहिला होता, पिट्सबर्गविरुद्ध तर फक्त ११ वेळा बॉल हातात आला आणि १८८ यार्ड काढले, एका मॅचमधल्या दर वेळच्या सरासरीचा तो विक्रम २००२ पर्यंत टिकला. अख्ख्या करिअरची सरासरी दर वेळी ५.७ यार्ड. आणि माझ्या मते त्याचं खरं मोठेपण या आकड्यांत नाहीच, ब्राउन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, ओटो ग्रॅहम पास टाकायला उभा राहिला की त्याच्यावर धावून येणाऱ्यांना मोटली अडवायचा, ग्रॅहमला जो निवांत वेळ मिळायचा त्यात याचा मोठा वाटा होता, पण ब्लॉक कोण मोजतं?

पुढचं मात्र वाचवत नाही. गुडघे गेले, १९५५ ला पिट्सबर्गकडून थोडंफार खेळून संपलं. ज्याला खेळ एवढा कळत होता त्याला कोच व्हायचं होतं, ब्राउन्सकडे विचारलं, नाही म्हणाले, पुढे ग्रॅहम स्वतः वॉशिंग्टन शहराच्या टीमचा कोच झाला तेव्हा त्याच्याकडे पण विचारलं, तिथेही नाही. ज्याला आयुष्यभर वाचवलं त्याच्याकडून सुद्धा नाही! १९६० च्या दशकात क्लीव्हलंडच्या एका महिला फुटबॉल टीमने त्याला कोच केलं तेवढंच, बाकी पोटासाठी टपाल खात्यात वगैरे नोकऱ्या. १९६८ ला हॉल ऑफ फेममधे, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, घेतला, हा मान मिळालेला दुसराच कृष्णवर्णीय खेळाडू, आणि ते हॉल ऑफ फेम त्याच्याच कँटनमधे आहे. म्हणजे भिंतीवर पुतळा चालतो पण कोचच्या खोलीत माणूस चालत नाही. एनएफएलमधे आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच, आर्ट शेल, १९८९ ला आला, तोपर्यंत मोटली ६९ वर्षांचा झाला होता. १९९९ ला तो गेला.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी रॉबिन्सनच्या शेजारी या चौघांची नावं छापा, आणि मोटलीचं छापाल तेव्हा १९४६ ला थांबू नका, त्याला नाकारलेल्या नोकऱ्यांचं पण लिहा.

आपला,
एक नियमित वाचक