नाताळला प्लम केकच का?
महोदय,
नाताळच्या पुरवणीत दरवर्षी प्लम केकच का? हंगेरीत नाताळला घरोघरी बेग्ली करतात. यीस्टच्या कणकेची पातळ पोळी, तिच्यावर खसखस नाहीतर अक्रोडाचं गोड सारण आणि मग अळूवडीसारखी गुंडाळी. तिकडची खसखस निळसर-काळी, आम्ही दादरच्या वाण्याकडची पांढरीच घेतली (भाव विचारू नका!). नातवंडं रमली ती अंडं लावण्यात. आधी बलक, तो सुकला की पांढरं, तेही सुकू द्यायचं. भाजताना हा थर तडकून वर नक्षी उमटते. त्याआधी काट्याने टोचावं लागतं, नाहीतर गुंडाळी फुटते. ते काम धाकटीने कुणालाच करू दिलं नाही. मुलांच्या हाताला काम देणारी अशी पाककृती यंदा छापाल का?
– एक आजी, दादर, मुंबई