रिमोट आईबाबांच्या हातात राहू दिल्याबद्दल

दादा,

तुम्ही आईबाबांकडे इंटरनेटच्या कामाला आला होतात, आणि राउटरचा दिवा हिरवा झाला तेव्हाच तुमचं काम संपलं होतं. तुम्ही बॅग भरत होतात. मी व्हिडिओ कॉलवर होते, आणि बाबांनी चाचरत तुम्हाला विचारलेलं मी ऐकलं, ‘‘जाता जाता टीव्हीचं जरा बघता का? आमच्या हातून काहीतरी बिघडलंय.’’ तुम्ही बॅग खाली ठेवलीत. हे पत्र त्या संध्याकाळसाठी आहे. नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल.

बाबांच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. सुट्टीत घरी आले तेव्हा केबलचा डबा मीच काढून ठेवला, इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावली, दिसतील ती ॲप्स भरली आणि अर्ध्या तासात सगळं शिकवून निघाले. वायरी कमी दिसाव्यात म्हणून स्टिकची वीज टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून घेतली होती. तुम्ही टीव्हीमागे वाकून पाहिलंत आणि सांगितलंत की बऱ्याच टीव्हींचं हे पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतं, स्टिकला ते पुरत नाही, म्हणून ती मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. सोबत आलेला ॲडाप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावलात, आणि ते थांबलं. दोन महिने दोघं स्वतःला दोष देत बसले होते, मला एका शब्दाने बोलले नव्हते. हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मग तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलात आणि विचारलंत, ‘‘केबल होती तेव्हा टीव्ही कसा बघायचात?’’ हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. बाबा म्हणाले, लाल बटण दाबलं की बातम्या. आई म्हणाली, मला घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. केबलवर काही ना काही चालूच असतं, आपण फक्त येऊन बसायचं. स्टिकवर मात्र आधी ‘कोण बघतंय?’ हा प्रश्न, मग चित्रांच्या रांगांवर रांगा, आणि दर वेळी आपणच काहीतरी निवडायचं. त्यांचं अडत होतं ते इथे.

म्हणून तुम्ही मी भरलेली बहुतेक ॲप्स काढायला लावलीत आणि चारच ठेवलीत, थेट बातम्यांचं सर्वात पहिलं. सीईसी नावाची सोय टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू करून घेतलीत, त्यामुळे स्टिकच्याच रिमोटने टीव्ही सुरू होऊ लागला आणि दुसरा रिमोट कपाटात गेला. बाबांसाठी सबटायटल्स मोठ्या अक्षरांत आली. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा, ते बंद झालं, कारण आईचा डोळा लागायचा आणि मालिका चार भाग पुढे गेलेली असायची. चुकून काही विकत घेतलं जाऊ नये म्हणून पिन लावून घेतलात. आणि एचडी चित्राला इंटरनेटचा साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो, महागडा प्लॅन घेऊ नका, हेही न विचारता सांगितलंत.

पण दादा, यातलं एकही बटण तुम्ही दाबलं नाहीत. कॉलवर मी पूर्ण वेळ पाहत होते. बाबांचं बोट भलत्याच बटणावर जायचं, नको ते उघडायचं, आणि तुमचा हात गुडघ्यावरून हलायचा नाही. मी असते तर तिसऱ्या चुकीला रिमोट काढून घेतला असता. खरं म्हणजे सुट्टीत मी तेच केलं होतं. तुम्ही एवढंच म्हणत राहिलात, ‘‘वाट चुकली की घराचं बटण. घर कुठूनही सापडतं.’’ आईने ते वाक्य बाबांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं आणि कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवला.

केबलचा डबाही तुम्ही दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला परत जोडून दिलात. ‘‘राहू दे महिनाभर. नको वाटला की तुम्हीच काढा.’’ तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता वाटतं, परतीची वाट मोकळी होती म्हणूनच ते दोघं पुढे गेले. पाचव्या आठवड्यात बाबांचा फोन आला, डबा परत देऊन आलो म्हणून. एकच तक्रार उरली आहे: थेट सामना केबलपेक्षा काही सेकंद मागे चालतो, आणि शेजारचा जल्लोष आधी ऐकू येतो. त्यावर उपाय नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत, त्यामुळे निदान आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत नाही.

मी लांब राहते. तुम्ही त्या दिवशी दिलेला दीड तास मला देता आला नसता, आणि दिला असता तरी तो असा देता आला नसता. मनापासून आभार.

परवा कॉलवर तो कागद पुन्हा दिसला. घराच्या बटणाखाली आता आईच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे: ‘गोल फिरायला लागलं तर थांबायचं. आपलं काही चुकलेलं नाही.’

तुमची,
त्या दोघांची मुलगी