मुतखडा नव्हता

तासगाव, रविवार

प्रिय मनू,

तुझ्या रक्ततपासणीचं काढलं तर फोनवर "बघू नंतर" म्हणालीस नि ठेवलास. बोलताना तू मला विषयावरून हलवतेस, म्हणून लिहितोय.

माझी लघवी पहिल्यांदा लाल झाली ती ऑक्टोबर छाटणीत. कोऱ्या चहासारखी. आपल्याकडं त्याला एकच नाव, मुतखडा. धाकट्या आत्यानं कुळथाचं पाणी सुरू केलं, शेजाऱ्यांनी पाणफुटीची पानं दिली. तीन महिने चावली. खड्याला कळ येते, मला कळच नव्हती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मिरजेला सीटी स्कॅन केला तेव्हा किडनीतून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नळीत गाठ. किडनी आणि नळी, दोन्ही काढली.

हा कॅन्सर एरवी साठी-सत्तरीतला. मी 46 चा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावर आपलं घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजोबा मोठ्या आतड्यानं गेले, थोरली आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरनं. दोन्ही खुणा पेनानं काळ्या केल्या, मग माझी. रक्त तपासलं तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात पिढीजात उतरणारा कॅन्सरचा धोका. बिघाड एमएसएच-2 जीनमध्ये. पेशी वाढताना जीनची नक्कल होते, त्यातल्या चुका दुरुस्त करायचं काम याचं, तेच आपल्यात बिघडलंय. गावानं करणी म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, अमेरिकेत वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्याच्या शिवणकामवालीनं सांगितलं होतं, घरातले सगळे असेच जातात, मीही जाणार. तशीच गेली. त्यानं तिचं घराणं 1913 साली छापलं.

तुझा गोल कोरा आहे. शक्यता निम्मी-निम्मी. बिघडलेला जीन नसला तर तुझ्यापुढं विषय बंद. असला तर आत्तापासूनच वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघणं. आतड्यातली बारीक गाठ कॅन्सर व्हायच्या आधीच काढता येते. नळीसाठी एवढी खात्रीची तपासणी नाही, म्हणून लघवी एकदा जरी लाल दिसली, न दुखता, तरी त्याच आठवड्यात युरॉलॉजिस्ट. कुळीथ पिठल्यापुरता.

आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत नको. भांडलो तिच्याशी. तिचं अगदीच खोटं नाही, लोक विचारतात. पण लपवून दिलीच तर पुढं प्रत्येक तपासणीला सासरी काय सांगून बाहेर पडशील?

सक्ती नाही, 24 ची आहेस. माझा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय. तो दाखवलास की तेवढाच बदल शोधतात, खर्चही कमी येतो. आधी समुपदेशनाला बसवतात, तिथं मी बाहेर थांबेन.

शनिवारी येताना मोकळी पिशवी आण. बेदाणा भरून ठेवलाय, हिरवा, तुझ्या आवडीचा.

तुझा पप्पा