निळ्या वहीतले प्रश्न

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, मला नाक नीट करून घ्यायचंय, आणि ओठाचंही." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "काय गरज आहे? छान तर दिसतोस." तू "बरं" म्हणालास आणि विषय बदललास. तुझं ते "बरं" मी ओळखते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभा राहायचास तेव्हाही असंच म्हणायचास.

फोन ठेवला आणि कपाटातली निळी वही काढली. वरचा ओठ दुभंगलेला घेऊन तू जन्मलास, त्या आठवड्यात बाबांनी ती आणली होती, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवायला. समोर गेलं की मला काही आठवायचं नाही, नुसतं रडू यायचं. तूही फोनवर विचारलंस ना, "तुम्ही तेव्हा काय काय विचारलं होतंत?" तर तेच सांगते, आणि आता तू काय विचारावंस असं मला वाटतं तेही.

पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एकच ओळ आहे: माझं काय चुकलं? डॉक्टरांनी हा प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकला असणार, तरी घाईनं उत्तर दिलं नाही. गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याची खात्रीही पटलेली नसते तोवर ते काम उरकलेलं असतं. जगात साधारण दर 700 बाळांमागे एकाचा ओठ किंवा टाळू जुळायची राहते. धूम्रपान, मधुमेह, फिट्सवरची काही औषधं यांनी धोका वाढतो हे माहीत आहे, पण बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवता येत नाही. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. तुझा दुभंग डाव्या बाजूला, आणि डाव्याच बाजूला तो जास्त आढळतो; का, ते मी पुढे विचारलंच नाही. टाळू शाबूत होती, फक्त ओठ आणि हिरडी. एवढ्यावर निभावलं असं सगळे म्हणायचे. मला तेव्हा त्याचा राग यायचा.

दुसऱ्या पानावर आजीचा प्रश्न आहे. बाबांनी गमतीनं लिहून घेतला होता: "बाळाच्या तोंडात प्लास्टिक बसवणार का?" तू हसशील, पण डॉक्टर हसले नाहीत. हा प्रश्न रोज येतो म्हणाले. प्लास्टिक सर्जरीतलं 'प्लास्टिक' मूळ ग्रीक शब्दावरून आलंय, त्याचा अर्थ घडवणं, आकार देणं. एडुआर्ड त्साइस नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1838 सालीच या शस्त्रक्रियेला हे नाव वापरलं होतं; पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक, बेकलाइट, आलं 1907 मध्ये. मराठीत सुघटन शस्त्रक्रिया म्हणतात, तो शब्द आजीला पटला. ती पुढे सगळ्यांना तोच सांगायची.

मग तारखेचा प्रश्न. मला दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन हवं होतं, कुणी बघायला यायच्या आत. डॉक्टर तीन महिन्यांवर अडून बसले. दहाचा जुना हिशोब त्यांनी सांगितला: वय किमान 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10. भूल सोसायला बाळ तेवढं व्हायला हवं आणि शिवायला ओठही हाताला लागायला हवा. त्या तीन महिन्यांत मी तुझे फोटो काढू दिले नाहीत. तुझा एकही तान्हेपणीचा फोटो का नाही, असं तू विचारलंस तेव्हा मी कॅमेरा बिघडला होता म्हणून सांगितलं होतं. तो बिघडला नव्हता.

आणि मग हा प्रश्न, दोनदा अधोरेखित: डाग राहणार नाही ना?

"राहील," ते म्हणाले. इतक्या सरळ की मला धक्काच बसला. कातडी पूर्ण जाडीत कापली गेली की व्रण राहतोच, कुणीही शिवली तरी. तो कुठे ठेवायचा एवढंच सर्जनच्या हातात असतं. मग त्यांनी माझ्याच वहीत पेन्सिलनं ओठ काढून दाखवला. 1955 साली राल्फ मिलार्ड या अमेरिकन सर्जननं मांडलेली पद्धत: मधला भाग फिरवून खाली आणायचा, बाजूचा पुढे सरकवून त्यात बसवायचा, म्हणजे शिवण नाकाखालच्या पन्हळीच्या कडेवर पडते, जिथे नाहीतरी रेघ असतेच. ते चित्र अजून आहे, थोडं पुसट झालंय. तुझ्या ओठावर बोट फिरवलंस तर तीच रेघ लागेल.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. चार तास आधी दूध बंद, त्यामुळे तू भुकेनं रडत होतास आणि मी भुलेच्या दारापर्यंत तुला घेऊन गेले. नंतर तू टाक्यांना हात लावू नयेस म्हणून कोपरांना पट्ट्या बांधल्या होत्या. हात वाकवता येत नसल्यानं तू दोन आठवडे सैनिकासारखा दिसायचास. खरी भीती वाटली ती दुसऱ्या महिन्यात. व्रण लाल, कडक झाला, ओठ वर ओढल्यासारखा दिसायला लागला. सगळं फसलं असं समजून मी धावत गेले. ते म्हणाले, व्रण आधी बिघडतो आणि मग सुधारतो; नवं कोलाजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, भराभर साठतं, नंतर हळूहळू नीट लागतं. मसाज करा, उन्हापासून जपा आणि एक ते दीड वर्ष निकाल लावू नका. तसंच झालं. तू ओठाच्या व्रणाची दुरुस्ती करून घेणार असशील तर हे तुलाही लागू आहे. दुसऱ्या महिन्यात आरशासमोर उभा राहून मला फोन केलास तर मी तुला हेच पान वाचून दाखवणार आहे.

आता खरी गोष्ट. रविवारी रात्री पानं उलटताना वहीच्या मध्यावर, माझ्याच अक्षरात, हे सापडलं: "नाक – आता थोडं उचलून ठेवलंय. पूर्ण काम वाढ संपल्यावर, 17-18 नंतर." म्हणजे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. वाढत्या नाकाच्या कूर्चेत, म्हणजे आतल्या लवचीक मऊ हाडात, फार हात घातला तर वाढ बिघडू शकते, म्हणून मुद्दाम थांबायचं. तुझी इच्छा ही तेव्हाच ठरलेल्या उपचारांतली शेवटची बाब आहे, आणि ती मी स्वतः लिहून घेतली होती. तरी मी "काय गरज" म्हणाले. विसरले होते की विसरायचं होतं, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तुझा ओठ शिवल्यावर मला हे सगळं संपलेलं हवं होतं.

तू विचारलंस, हे सुधारणेचं ऑपरेशन की सौंदर्याचं? कागदावर तो फरक महत्त्वाचा असतो. विमा कंपन्या सहसा जन्मजात दोष, भाजणं, अपघात, कर्करोगानंतरची पुनर्रचना एका बाजूला ठेवतात आणि निव्वळ रूपासाठी केलेलं दुसऱ्या बाजूला. तुझं पहिल्या बाजूला बसायला हवं, पण पॉलिसीत काय लिहिलंय ते आधी वाचून घे. दुभंगात नाकाच्या पडद्याचं खालचं टोक चांगल्या बाजूकडे ओढलं जातं आणि मागचा भाग बहुधा दुभंगाकडे फुगतो, म्हणून त्या नाकपुडीतून हवा कमी जाते. तू लहानपणापासून तोंड उघडं टाकून झोपतोस ते उगाच नाही. सर्जनला हे आवर्जून सांग. मला मात्र श्वासाचं कारण देऊ नकोस. नाक वाकडं दिसतं आणि तुला ते नको आहे, एवढं मला पुरेसं आहे.

"खूप दुखतं का?" याचं उत्तर तुझ्याकडेच आहे. नवव्या वर्षी हिरडीतल्या फटीत हाड भरलं, सुळा उतरायच्या आधी. हाड काढलं कमरेतून. तोंडाबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस, कंबर मात्र दोन आठवडे धरून चालत होतास. नाकाचंही तसंच. दुभंगाच्या नाकाला आधारासाठी कूर्चा लागते. ती पडद्यातून मिळते, कानामागून मिळते, आणि जास्त लागली तर बरगडीतून घेतात. बरगडी घेतली तर नाकापेक्षा छातीच जास्त दुखते, खोकताना आणि हसताना विशेष. म्हणून "कूर्चा कुठून घेणार?" हा प्रश्न आधी विचार. बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते, ती वाकू नये म्हणून काय करतात तेही.

बरं होण्याबद्दल लोक "किती दिवस सुट्टी?" एवढंच विचारतात. नाकाला आधार देणारी साच्याची पट्टी साधारण एक आठवडा. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत जातं. चष्मा नाकावर टेकवायचा नाही, चार-सहा आठवडे तरी. तुला हे जड जाईल, कपाळाला चिकटपट्टीनं अडकवायची युक्ती असते ती विचारून घे. शेंडा आणि वरचा ओठ कित्येक आठवडे बधिर राहतो, हसणं विचित्र वाटतं. आणि सूज सगळ्यात शेवटी शेंड्यावरून उतरते, तिला वर्ष लागतं, व्रण असलेल्या कातडीत कधी त्याहून जास्त. तोवर जे दिसतं ते तुझं नवं नाक नव्हे. काही उरलंसुरलं पुन्हा करायचं झालं तरी सर्जन बहुधा वर्षभर थांबायला सांगतात. पुन्हा हात लावावा लागणं नाकाच्या बाबतीत दुर्मीळ नसतं, तेव्हा तसं झालं तर खर्चाचं काय, हे आधीच बोलून घे. तेव्हा लाजायचं नाही.

सर्जननं केलेल्या दुभंगाच्या नाकांचे फोटो माग, वर्ष उलटल्यानंतरचे, समोरून, बाजूनं आणि खालून. दुभंग नसलेल्या नाकाचा बाक काढणं आणि हे काम वेगळं आहे. अशी किती केलीत, असं स्पष्ट विचार. संगणकावर नवं नाक करून दाखवतील. ते बोलणं सोपं व्हावं म्हणून असतं, त्याला वचन समजू नकोस. भूल कोण देणार, तिथे अतिदक्षता विभाग आहे का, हेही.

तुझा मित्र म्हणाला ना, ऑपरेशन कशाला, नाकात फिलरचं इंजेक्शन घे, अर्ध्या तासात सरळ? माझा याला साफ विरोध आहे, आणि हा आईचा हट्ट नव्हे. फिलर भर घालतो, आतला वाकडा पडदा आहे तसाच राहतो. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यात गेला तर कातडी मरू शकते, नजरही जाऊ शकते. शिवलेल्या नाकात रक्तपुरवठा आधीच बदललेला असतो, म्हणजे जोखीम आणखी.

आता सिगारेट. हे वाचून दचकू नकोस, तुझ्या जॅकेटला वास येतो आणि मला नाक आहे. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडेची कातडी मरू शकते. ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. निकोटीनचं च्युइंगमही त्यातच येतं. सर्जनसमोर खोटं बोललास तर फसेल तुझंच नाक. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, कसलेही काढे यांची यादी लिहून ने आणि काय कधी बंद करायचं ते त्यांनाच ठरवू दे.

एक गंमत वाचली. तू पाठवलेले ते जवळून काढलेले फोटो बघून बाबांनी काळजी केली म्हणून सांगते. 2018 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडलं की 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा बुंधा 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतो. तुझं नाक वाकडं आहे, ते मी नाकारत नाही. पण फोनमधलं नाक घेऊन सर्जनकडे जाऊ नकोस, स्वतःचं घेऊन जा.

ते तुला विचारतील, "नक्की काय खटकतं?" कदाचित झोप, मूड, आरशासमोर किती वेळ जातो, असंही विचारतील. चिडू नकोस. काही जणांना स्वतःत नसलेला किंवा अगदी किरकोळ दोष दिवसरात्र छळतो, तो आजार असतो आणि सुरीनं बरा होत नाही. चांगला सर्जन ते तपासतोच. तू मात्र उत्तर तयार ठेव. "सगळंच" असं सांगू नकोस. डावी नाकपुडी बसलेली, शेंडा उजवीकडे, ओठाच्या लाल कडेला छोटी खाच: असं मोजून सांग. म्हणजे काय होणार, काय होणार नाही, हे त्यांनाही मोजून सांगता येईल. आणि ती यादी तुझी असू दे. मला त्यात काय घालावंसं वाटतं हे मी मुद्दाम लिहीत नाहीये. माझे प्रश्न तेव्हा विचारून झाले, त्यातले निम्मे तुझ्याबद्दल नव्हतेच, लोक काय बघतील याबद्दल होते.

भेटीची तारीख ठरली की कळव. तीन महिन्यांचा असताना तुला भुलेच्या दारापर्यंत मी घेऊन गेले होते, तेव्हा तुला विचारायचा प्रश्नच नव्हता. या वेळी यायचं की नाही, ते तू सांगशील तसं.

तुझी आई

ता. क. जुन्या ऑपरेशनचे कागद आणि हिरडीच्या हाडाचे एक्स-रे सापडलेत, स्कॅन करून पाठवते. आधी काय काय केलंय ते नव्या सर्जनला लागेल. मिलार्डचं ते पेन्सिलचं चित्रही पाठवते. वही मात्र पाठवणार नाही, तुला हवी असेल तर घरी येऊन वाच.